डोंबिवलीचं प्रेशर घाटावर चालत नाही

गेले तीन शनिवार आमच्या कट्ट्यावर एकच विषय चघळला जातोय. वर्गणी काढून एक पोर्टेबल वेदर स्टेशन घ्यायचं. आम्ही सहा जण: चार डोंबिवलीचे, एक कल्याणचा आणि एक ठाण्याचा (तो घोडबंदर रोडच्या पार त्या टोकाला राहतो आणि तरी "ठाणे" सांगतो, असो). आठवड्याचे पाच दिवस कोड लिहायचा, आणि वर्षातून तीन-चार वेळा गाड्या टेम्पोत घालून घाटावर ड्रॅग रेसला जायचं, हा आमचा एकमेव माज.

सहापैकी पाच जण आयटीत. त्यामुळे खरेदीची पद्धत ठरलेली: एक्सेल शीट. चौदा कॉलम, प्रत्येकाला वेटेज, शेवटी स्कोअर. त्यात स्क्रीन किती इंची आहे ते आहे. वायफाय आहे का ते आहे. ह्युमिडिटीची ॲक्युरसी दोन टक्के की पाच टक्के, यावर तर गेल्या शनिवारी अर्धा तास भांडण झालं. एका कॉलमला "मून फेज" असं नाव आहे. खोटं नाही सांगत, चंद्राच्या कला! रात्री रेस लावायची असेल तर उपयोगी पडेल बहुतेक :)

फक्त एक कॉलम नाहीये. हे यंत्र जो आकडा दाखवेल, त्यावरून रेसच्या दिवशी आपण काय वेगळं करणार? माझं भांडण त्या कॉलमसाठी आहे. आणि मी हे तावातावाने लिहितोय कारण गेल्या डिसेंबरात मी स्वतः तोंडावर आपटलोय.

तर झालं असं. घाटावर एका ठिकाणी, समुद्रसपाटीपासून साधारण सातशे मीटरवर, आम्ही पहाटे पोचलो. ग्रुपमधल्या एकाने (नाव दिलं तर मारेल) घरी गच्चीवर लावायचं वेदर स्टेशन ट्रायपॉडसकट आणलं होतं. रंगीत स्क्रीन वगैरे. आमची गाडी आरएक्स १००, म्हणजे टू-स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली. हवेची घनता काढायची, त्याप्रमाणे मेन जेट निवडायचा, असा प्लॅन. यंत्र सुरू केलं, प्रेशर दाखवलं ९३४ हेक्टोपास्कल. मित्राने फोनमधलं हवामानाचं ॲप उघडलं. त्यात १०१३.

"अरे, हे गंडलंय."

मग मॅन्युअल काढलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं की जवळच्या हवामान केंद्राच्या आकड्याशी प्रेशर जुळवून घ्या. त्याने जुळवलं. पहाटे साडेसहाला, थंडीत कुडकुडत, चार इंजिनियर एका बरोबर चाललेल्या यंत्राला कॅलिब्रेशनच्या नावाखाली बिघडवत होते, आणि मान डोलावणाऱ्यांत मी पहिला होतो. १०१३ धरून आम्ही घनता काढली, ती आली खऱ्यापेक्षा आठ टक्क्यांनी जास्त. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल हवं, म्हणून जेट मोठा टाकला. पहिल्या रनला गाडी लाइनवरून निघताना भकभक करून बसली. दुसऱ्यालाही तेच. प्लग काढला तर काळाकुट्ट आणि ओला. आमच्याबरोबर आलेल्या मेकॅनिक काकांनी प्लगकडे बघितलं, मग आमच्या रंगीत स्क्रीनकडे बघितलं, आणि म्हणाले, "ते आधी पिशवीत घाला. जुना जेट कुठाय?" तोवर चारपैकी दोन रन वाया गेले होते. एंट्री फी, टेम्पोचं भाडं, शुक्रवारची रजा, सगळं त्या एका आकड्यात गेलं.

गंमत म्हणजे दोन्ही आकडे बरोबर होते. हवामान खातं किंवा ॲप जे प्रेशर सांगतं ते समुद्रसपाटीला आणून सांगतं. कारण त्यांना महाबळेश्वर आणि मुंबई एकाच नकाशावर दाखवून वारा कुठून कुठे वाहणार ते बघायचं असतं. उंचीचा फरक काढून टाकला नाही तर नकाशावर नुसते डोंगर दिसतील. पण इंजिन नकाशा बघत नाही. ते जिथे उभं आहे तिथली हवा ओढतं. आठ-नऊ मीटर वर गेलं की साधारण एक हेक्टोपास्कल कमी होतो. सातशे मीटरला हिशेब बरोबर ऐंशीच्या घरात जातो. ह्या खऱ्या, जागेवरच्या प्रेशरला यंत्रांवर "ॲब्सोल्यूट" किंवा "स्टेशन प्रेशर" म्हणतात, आणि दुसऱ्याला "रिलेटिव्ह".

आता ह्यात आपल्यासारख्यांचा खास प्रॉब्लेम बघा. ठाणे, डोंबिवली, कल्याण, सगळं खाडीच्या काठावर. इथे ॲब्सोल्यूट आणि रिलेटिव्ह जवळजवळ एकच. त्यामुळे इथे यंत्र विकत घेतलं, गच्चीवर महिनाभर तपासलं, ॲपशी ताडून बघितलं, की सगळं मस्त जुळतं. चूक दिसायला आधी बोरघाट चढावा लागतो. आणि आपल्याला तो चढावा लागतोच. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी आहे खरी, पण तिच्या जमिनीवरून शेतकरी आणि संरक्षण खातं यांच्यात वाद आहे, २०१७ च्या जूनमध्ये त्यावरून केवढं आंदोलन पेटलं होतं, त्यामुळे तिथे रेस वगैरे विसरा. कोल्हापूरचा मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक, आंबी व्हॅलीची धावपट्टी, पुणे, नाशिक, सगळं घाटावर. कोल्हापूर-पुणे साडेपाचशे मीटरच्या आसपास. तिथे खरं प्रेशर ९५० च्या जवळपास असतं आणि ॲप सुखेनैव १०१० सांगत बसतं.

(त्या दिवशीचं शेपूट: घरी आल्यावर ते यंत्र परत गच्चीवर लावलं. आमचं "कॅलिब्रेशन" तसंच होतं. दाखवायला लागलं १०९२. सायबेरियात अगाटा नावाच्या ठिकाणी १९६८ साली १०८३.८ नोंदलं गेलं, त्याची गणना जगातल्या विक्रमांत होते. डोंबिवली पूर्वेने तो आरामात मोडला.)

आता त्या ह्युमिडिटीच्या भांडणाकडे येतो. मी रविवारी सकाळी बसून हिशेब केला, कागदावर, कोणालाही करता येईल. घनता प्रेशर, तापमान आणि आर्द्रता ह्या तिघांवर ठरते. ह्युमिडिटी सेन्सर पाच टक्के चुकला तर तीस डिग्रीला घनतेत चूक येते साधारण एक दशांश टक्का. तापमानाचा सेन्सर उन्हात तापून तीन डिग्री जास्त दाखवायला लागला तर चूक एक टक्का. आणि समुद्रसपाटीचं प्रेशर घातलं तर आठ टक्के. आम्ही अर्धा तास भांडलो एक दशांश टक्क्यावर. आठ टक्क्यांचा कॉलमच नव्हता शीटमध्ये! कंपनीत असं कुणी केलं असतं तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोलून काढला असता.

बरं, घनता म्हणजे काय प्रकरण आहे ते एका उदाहरणाने. मे महिन्यात ठाण्यात दुपारी ३४ डिग्री, घामाच्या धारा, प्रेशर १००५. घनता येते घनमीटरला १.१२६ किलो. डिसेंबरात सातशे मीटरवर पहाटे १५ डिग्री, प्रेशर ९३४. घनता १.१२४. म्हणजे आपली चिकट मे महिन्याची दुपार आणि घाटावरची गुलाबी थंडी इंजिनाच्या लेखी एकच हवा! मी दोनदा तपासलं. उंचीने जे घेतलं ते थंडीने परत दिलं. म्हणून "घाटावर हवा विरळ, जेट कमी करा" हा सरसकट सल्ला देणाऱ्यांनाही माझा नमस्कार. कधी, किती वाजता, कुठल्या तापमानाला, ते सांगा.

आणि त्याच जागी त्याच दिवशी दुपारी तीस डिग्री झाले की घनता १.०७ वर येते. सकाळपासून पाच टक्के गेले. कार्ब्युरेटरवाल्याला ह्यात धोका उलट्या दिशेला आहे. दुपारच्या विरळ हवेत प्रॅक्टिसला जेट अगदी काठावर बारीक करून ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या दाट हवेत तशीच गाडी पळवली, तर मिश्रण लीन होतं. टू-स्ट्रोक लीन झाली की तापते, आणि तापली की पिस्टन सीझ. ४०२ मीटरच्या शेवटी, फुल थ्रॉटलला, मागचं चाक लॉक. आमच्यासारखा मोठा जेट टाकला तर फक्त हसं होतं. छोटा टाकला तर हाडं मोडतात. म्हणून हा आकडा लागतो. सातव्या इंचाची स्क्रीन त्यासाठी लागत नाही.

"पण माझी गाडी फ्युएल इंजेक्शनची आहे," असं ग्रुपमधले तिघं म्हणतील. बरोबर. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर नव्या गाड्यांचा प्रश्नच मिटला. त्यांच्या ईसीयूला स्वतःचे प्रेशर आणि तापमानाचे सेन्सर असतात, पेट्रोल तो जुळवून घेतो. मग ट्यूनिंगसाठी तुम्हाला वेदर स्टेशनची गरज शून्य आहे, आणि तरी वर्गणीला सगळ्यात जास्त उत्साह तुमचाच, हे मला कळलेलं नाही.

मात्र एका गोष्टीसाठी तुम्हालाही आकडा लागतो, आणि ती गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. ईसीयू पेट्रोल जुळवतो, हवा वाढवू शकत नाही. पाच टक्के कमी हवा म्हणजे ढोबळमानाने पाच टक्के कमी पॉवर. क्वार्टर माइलची वेळ पॉवरच्या घनमुळाप्रमाणे बदलते, हा जुना ठोकताळा आहे. चौदा सेकंदांच्या गाडीला पाच टक्के हवा म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. आता आठवा, आपल्यातल्या एकाने पाच आकडी किमतीचा एक्झॉस्ट बसवला. आधीची वेळ दुपारची. नंतरची वेळ सकाळी सातची. फरक दोन दशांश सेकंद. पार्टी कोणी दिली, एक्झॉस्टने की थंडीने? राजा, मी तुला तेव्हाच सांगणार होतो, पण बिर्याणी चांगली होती.

बरं, मग घ्यायचं काय? आधी खिशातला फोन बघा. बऱ्याच आयफोनमध्ये आणि महागड्या अँड्रॉइडमध्ये बॅरोमीटरचा सेन्सर असतोच. हवामानाच्या ॲपने जे इंटरनेटवरून आणलं ते नव्हे. सेन्सर थेट वाचणारी फुकट ॲप्स मिळतात ती टाका. ते प्रेशर ॲब्सोल्यूट असतं, आणि एखाद-दोन हेक्टोपास्कलच्या चुकीने आपलं काही बिघडत नाही. म्हणजे तीनपैकी सगळ्यात जास्त घोळ घालणारा आकडा फुकटात आला.

राहिलं तापमान. इथे लोक पैसे घालतात आणि मग यंत्र टेम्पोच्या बॉनेटवर ठेवतात. किंवा काळ्या पिशवीतून काढून दोन मिनिटांत रीडिंग घेतात. किंवा डांबरापासून फूटभर उंचीवर. सेन्सर कितीही स्विस असो, ऊन पडलं की तो स्वतःचं तापमान सांगतो, हवेचं नाही. उपाय म्हणजे सावली आणि वाहती हवा. डेव्हिससारख्या चांगल्या कंपन्यांच्या स्टेशनला पंखा बसवलेलं कवच मिळतं ते त्यासाठीच. घरी करायचं तर पांढरा पीव्हीसी पाइप, जुन्या कॅबिनेटमधला बारा व्होल्टचा पंखा आणि लॅमिंग्टन रोडवरून बॉशचा बीएमई२८० सेन्सर. त्या एका चिपमध्ये प्रेशर, तापमान, आर्द्रता तिन्ही आहे. एक रविवार जाईल. आपण इंजिनियर आहोत असं लग्नाच्या बायोडेटात लिहितो ना सगळे?

हे करायचं नसेल आणि गाडी कार्ब्युरेटरची असेल, तर रेसिंगसाठी मुद्दाम केलेलं हातातलं मीटर घ्या. केस्ट्रेलचं ५१०० आहे, ते घनता आणि डेन्सिटी अल्टिट्यूड थेट दाखवतं. महाग आहे, पाच आकड्यांत जातं, पण निदान काय मोजायचं ते बनवणाऱ्याला माहीत होतं. घरगुती वायफायवालं मात्र अजिबात नको. चार फुटांवरच्या सेन्सरचा आकडा आधी कुठल्यातरी परदेशातल्या सर्व्हरवर जाणार आणि मग आपल्या फोनवर परत येणार. घाटावर त्या माळावर फोनला एक दांडी रेंज असते तीही बाजूच्या टपरीपाशी.

शीटमध्ये पर्जन्यमापकही आहे, वेटेज दहा. पर्जन्यमापक पडलेला पाऊस मोजतो. पडलेला पाऊस आपल्या डोक्यावर पडलेला असतो, तो कळतो. येणारा पाऊस बघायचा तर हवामान खात्याच्या रडारची चित्रं बघा, आणि तीही शंका ठेवून. २६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि त्याच शहरात कुलाब्याला ७४. आपण तेव्हा शाळेत होतो. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या प्रत्येक घरात त्या रात्रीची एक गोष्ट आहे. आणि अंदाजावर आंधळेपणाने धावलं की काय होतं ते फेरारीला विचारा. २००९ मध्ये मलेशियात त्यांनी रायकोनेनला पाऊस यायच्या आधीच पूर्ण पावसाळी टायर लावून पाठवलं. ट्रॅक कोरडा, टायरांची वाट लागली. नंतर पाऊस असा कोसळला की ५६ पैकी ३१ लॅप्सवर निकाल लावून सगळ्यांना घरी पाठवलं. ह्यांच्याकडे काय वेदर स्टेशन नव्हतं?

डांबराच्या तापमानासाठी कोणीतरी सोसायटीच्या गेटवरची कोविडमधली बंदूक आणायची म्हणालं. ती कपाळासाठी असते, चाळीस-बेचाळीसच्या पुढे हात वर करते. दुपारी डांबर त्याच्या कितीतरी पुढे असतं. इंडस्ट्रियल इन्फ्रारेड थर्मामीटर वेगळा येतो, स्वस्तही आहे. तो घ्या खुशाल.

आता शेवटचं, आणि हे ग्रुपपेक्षा आयोजकांना आहे. मी आजवर गेलो त्या एकाही इव्हेंटला हवेचा आकडा फळ्यावर लिहिलेला बघितला नाही. वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजणार, बॅनरवर दहा लोगो, माइकवर तीन निवेदक, आणि हवा? प्रत्येकाने आपापली हुंगायची. पन्नास टीम पन्नास खेळणी घेऊन येतात, त्यातली निम्मी समुद्रसपाटीचं प्रेशर दाखवतात. त्यापेक्षा स्टार्ट लाइनपाशी सावलीत एक धड यंत्र लावा आणि दर अर्ध्या तासाने ॲब्सोल्यूट प्रेशर, तापमान, आर्द्रता पांढऱ्या फळ्यावर खडूने नाहीतर मार्करने लिहा. एक माणूस, एक फळा. एंट्री फीमध्ये माणशी चहाच्या किमतीइतकी वाढ करा हवं तर.

आणि त्याच फळ्यावर उन्हाचा आकडाही लिहा. लेदर सूट घालून, हेल्मेट चढवून पोरं दुपारी बारा वाजता रांगेत चाळीस-चाळीस मिनिटं उभी असतात, मार्शल तर दिवसभर. २०२३ च्या सप्टेंबरात ग्रेटर नोएडाला मोटोजीपी झाली तेव्हा उकाड्यामुळे मुख्य शर्यत २४ वरून २१ लॅप्सची केली होती. ते जगातले सगळ्यात फिट रायडर. त्याच वर्षी १६ एप्रिलला इथे खारघरच्या मैदानावर, नुसते कार्यक्रमाला बसलेले १४ लोक उष्माघाताने गेले. तापमान, दमटपणा आणि थेट ऊन तिन्ही धरणारा निर्देशांक असतो, वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर म्हणतात त्याला, काळ्या गोळ्याने मोजतात, आणि तो मोजणारी हातातली यंत्रं बाजारात आहेत. एका मर्यादेनंतर रांग सावलीत हलवायची किंवा तासभर थांबायचं, एवढं नियमावलीत लिहायला काय हरकत आहे? मी दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी "बघू" म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी मला ओआरएसचं पाकीट दिलं.

येत्या शनिवारी शीटवर मतदान आहे. मी आज सकाळी त्यात पंधरावा कॉलम टाकलाय, "ॲब्सोल्यूट प्रेशर दाखवतं का, हो/नाही". बाकीचे चौदा हाइड केलेत. पासवर्ड हवा असेल त्याने आधी मला पाइप कापायला मदत करायला यायचं, रविवारी दहा वाजता, आमच्या गच्चीवर. पंखा मी आणतोय.